हापूसचा साका आणि डाल्मेशनचा मुतखडा

महर्षी कर्व्यांच्या मुरुडात हापूसचे कौतुक कोणी कोणाला सांगायला नको. पण बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापला, की कधीकधी आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो. हाच साका. फळ अस्सल हापूसचे असल्याची खात्री मिळाली, म्हणून त्यात साका नसल्याची खात्री मिळत नाही. ‘अस्सल’ आणि ‘निरोगी’ हे शब्द समानार्थी नाहीत. जातिवंत कुत्रा घरी आणताना मात्र आपण हा फरक सहज विसरतो. तो का विसरला जातो, याची मुळे इतिहासात सापडतात.

कुत्रा माणसाच्या सोबतीला हजारो वर्षे आहे. परंतु आजच्या अर्थाने ‘शुद्ध जात’ ही कल्पना जेमतेम दीडशे वर्षांची आहे. पूर्वी कुत्र्याची पारख कामावरून होई. शिकारीचा, राखणीचा, मेंढ्या वळवणारा असे प्रकार असत आणि चांगले काम करणाऱ्या कुत्र्याशी संकर करायला कोणाची हरकत नसे. १८५९ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लबची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी वंशावळींची नोंदवही छापली गेली. हळूहळू नियम असा रूढ झाला, की ज्याचे आईबाप वहीत आहेत तोच त्या जातीचा. कामाऐवजी रूप पाहिले जाऊ लागले आणि नव्या रक्ताला दार बंद झाले.

त्या काळी मेंडेलचे नियम जगाच्या विस्मृतीत होते; त्यांचा पुन्हा शोध लागला तो १९०० साली. त्यामुळे बंद दाराआड काय घडते याची कल्पना कोणालाच नव्हती. अनेक रोगांचे जनुक अप्रभावी असतात. एका पालकाकडून सदोष व दुसऱ्याकडून निर्दोष प्रत मिळाली, तर पिल्लू निरोगी दिसते. दोन्ही प्रती सदोष आल्या, तरच रोग प्रकटतो. नात्यातल्या कुत्र्यांचा संकर केला, की एकाच पूर्वजाची तीच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती अशा एकाच पूर्वज-प्रतीच्या असण्याची शक्यता २५ टक्के असते. बक्षीसपात्र नर शेकडो पिल्लांचा बाप होतो, तेव्हा त्याच्या रूपाबरोबर त्याचे दोषही पसरतात.

पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला डाल्मेशन हे याचे बोलके उदाहरण आहे. इतर कुत्र्यांच्या यकृतात यूरिक आम्लाचे रूपांतर अधिक विद्राव्य अशा अलँटॉइनमध्ये होते. डाल्मेशनमध्ये एका जनुकातील दोषामुळे हे आम्ल यकृताच्या पेशींत नीट शिरत नाही. ते लघवीतून बाहेर पडते आणि विशेषतः नरांमध्ये मुतखडे होतात. या शुद्ध जातीत जनुकाची निर्दोष प्रत उरलीच नव्हती. मग निरोगी आईबाप निवडून तरी उपयोग काय? त्यांच्यापाशी देण्याजोगी चांगली प्रतच नाही.

१९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल यांनी डाल्मेशनचा एकदाच पॉइंटर जातीशी संकर केला. नंतर दर पिढीत निर्दोष जनुक असलेली पिल्ले निवडून त्यांचा पुन्हा डाल्मेशनशीच संकर केला. पाचव्या पिढीत पॉइंटरचा वाटा सरासरी ३ टक्क्यांपर्यंत खाली आला. ठिपके तसेच राहिले, यूरिक आम्ल मात्र ताळ्यावर आले. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली. परंतु डाल्मेशनप्रेमींनी विरोध केला आणि नोंदणी थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला २०११ साल उजाडले. उपाय हाती असूनही नोंदवहीच्या शुद्धतेसाठी कुत्र्यांच्या कितीतरी पिढ्या मुतखडे भोगत राहिल्या.

योगायोग असा, की त्याच १९८१ साली दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील केंद्राची ‘रत्ना’ ही आंब्याची जात प्रसारित झाली. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेल्या रत्नात साका नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून ‘सिंधू’ ही पातळ कोयीची जात तयार झाली. आंब्याची कलमे होतात, कुत्र्यांची होत नाहीत; तेव्हा तुलना फार ताणू नये. पण बागायतदाराने संकराला बाट मानले नाही, एवढे खरे.

काही दोष मात्र लपलेले नसतात. रूप म्हणूनच ते निवडलेले असतात. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून जीभ व श्वासमार्गातील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने थंड होतो. पग, बुलडॉग यांच्या चपट्या नाकात हवेचा मार्गच अरुंद असतो. त्यात कोकणातल्या मे महिन्याची दमट हवा, म्हणजे बाष्पीभवनही मंद. अशा कुत्र्याला उष्माघाताचा धोका अधिक.

म्हणून पिल्लू ठरवण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. आईबाप प्रत्यक्ष पाहायला मिळतील का? त्यांचे परस्परांत नाते किती जवळचे? लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल, तर आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का? वंशावळीचा कागद पूर्वजांची नावे सांगतो, प्रकृती सांगत नाही. आणि गल्लीतल्या गावठी पिल्लाचा विचारही जरूर करावा.

वर्गात एक चौकट आखून पाहा. दोन वाहक पालक घेतले, तर चारांत सरासरी एक पिल्लू रोगी. दोन रोगी पालक घेतले, तर चारही. आता यातल्या एका पालकाच्या जागी दुसऱ्या जातीचा निर्दोष कुत्रा घाला आणि चौकट पुन्हा भरा. नोंदवहीचे दार का उघडावे लागले, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.