भाडेकरूच्या मागे राहिलेल्या वस्तू

मुदत संपण्यापूर्वी भाड्याची जागा सोडणाऱ्याचे तेथे राहून गेलेले सामान आणि त्यावरील त्याचा हक्क. भारतात या विषयाला वाहिलेला स्वतंत्र कायदा नाही. १८७२ व १८८२ सालच्या कायद्यांत विखुरलेली कलमे एकत्र वाचूनच निर्णय करावा लागतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रातील राहत्या जागांपुरती आहे.

जागेवरचा हक्क संपला म्हणून सामानाची मालकी संपत नाही, हे मूलतत्त्व. व्यवहारात नेमके उलट समजले जाते. चावी परत दिली, डिपॉझिटचा हिशेब झाला, की माळ्यावरची ट्रंक घरमालकाची झाली असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. कायद्यात चावीला महत्त्व आहे, पण ते वेगळ्या कारणाने.

भाड्याच्या जागेचा करार भाडेपट्टा असतो किंवा परवाना. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ (ज) प्रमाणे भाडेपट्टेदाराला जमिनीशी जोडलेल्या वस्तू काढून नेता येतात; मात्र जागा घेतली त्या स्थितीत परत करावी लागते. पट्टा संपल्यावरही हा हक्क टिकतो, परंतु जागेचा ताबा त्याच्याकडे असेपर्यंतच. ‘ताबा गेल्यावर नाही’ ही मर्यादा १९२९ च्या दुरुस्तीने आली. त्यामुळे भिंतीत बसवलेली लोखंडी जाळी किंवा ओट्याखालच्या ट्रॉल्या चावी देण्यापूर्वी काढल्या नाहीत, तर पुढे मागणे कठीण होते. कपाट, पलंग, भांडी, पुस्तके या जंगम वस्तूंना ही मर्यादा लागू नाही. गीझर आणि वातानुकूलन यंत्र कोणत्या गटात मोडतात, यावर एकवाक्यता नाही. वस्तू कशी व कशासाठी बसवली ते पाहिले जाते.

राज्यातील राहत्या घरांचे आजचे बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे परवाना प्रकारचे असतात. त्यांना सुविधाधिकार अधिनियम, १८८२ लागू होतो. कलम ६२ नुसार परवानाधारकाने स्पष्टपणे वा वागण्यातून हक्क सोडला, तरी परवाना रद्द झाल्याचे मानले जाते. कलम ६३ नुसार परवाना रद्द झाल्यावर जागा सोडण्यासाठी व तेथे ठेवू दिलेला माल हलवण्यासाठी वाजवी मुदत मिळते. ही दोन कलमे जोडून वाचली, म्हणजे लवकर निघून गेलेल्यालाही सामान नेण्याची संधी मिळते, हे स्पष्ट होते. या विषयातले सर्वांत उपयोगी कलम ६३ हेच. वकिलांच्या नोटिसांत मात्र ते क्वचित दिसते. वाजवी मुदत किती, ते कायदा सांगत नाही.

घरमालकाची स्थिती : थकलेल्या भाड्यापोटी सामान अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण अधिकार घरमालकाला नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ मध्ये बँका, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयातील वकील व विमापत्रांचे दलाल यांना तो आहे. त्या यादीत घरमालक नाही. उलट, दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर कलम ७१ ने सांभाळाची जबाबदारी टाकली आहे. आपल्या वस्तूची घेतली असती तेवढी काळजी त्याने घ्यावी, अशी अपेक्षा असते. सामान अप्रामाणिकपणे स्वतःच्या वापरात आणल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ लागू शकते. मालकाला परत देण्यासाठी जपून ठेवणे हा गुन्हा नाही. ‘अमुक दिवसांत न नेलेले सामान सोडून दिल्याचे समजले जाईल’ अशा करारातील अटी कितपत टिकतात, हे प्रत्येक प्रकरणातील नोटीस व पुरावा यांवर अवलंबून असते.

भाड्यासाठी जप्ती : इंग्रजी अमदानीत मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन शहरांपुरता एक अपवाद होता. इलाखा शहर लघुवाद न्यायालय अधिनियम, १८८२ च्या आठव्या प्रकरणाने घरमालकाला प्रतिज्ञापत्रासह अर्ज करून भाडेकरूच्या जंगम मालावर वॉरंट मिळवण्याची सोय दिली. बारा महिन्यांहून जुनी थकबाकी त्यात बसत नसे. बेलीफाने सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वीच जप्ती करायची, जप्त मालाची यादी करून ती भाडेकरूला द्यायची, असा दंडक होता. हातात प्रत्यक्ष वापरात असलेली वस्तू व अंगावरचे आवश्यक कपडे यांना हात लावता येत नसे. जप्त झालेली वस्तू माझी आहे, असे सांगणाऱ्या तिऱ्हाइतालाही ५ दिवसांत न्यायाधीशाकडे अर्ज करता येई. पुण्या-नागपूरकडे ही तरतूद कधीच नव्हती. म्हणजे ज्या काळात सामान अडवता येत होते, तेव्हाही ते न्यायालयामार्फतच. दाराला स्वतःचे कुलूप ठोकून नव्हे.

न्यायालयाचा हुकूमनामा झाल्यावरही सगळे सामान जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने वगळले आहेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ : कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाकडून कलम २४ नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई घेता येते. खोलीत नुसते सामान राहिले म्हणजे जागा सोडली नाही असे होते का, हा वादाचा मुद्दा आहे.

गोवा : १९६८ चा स्वतंत्र भाडे नियंत्रण कायदा.

शेतजमीन : कूळकायदा, १९४८ पाहावा.

दाद : विशिष्ट जंगम वस्तू परत मिळवण्याचा दावा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ७ व ८ खाली करता येतो, वस्तू गैरपणे घेतली असल्यास मुदत ३ वर्षे. संमतीशिवाय आणि कायदेशीर मार्ग न वापरता जागेचाच ताबा काढून घेतला असल्यास कलम ६ खालील दावा ६ महिन्यांच्या आत लावावा लागतो.