वशिला आणि विश्वास : न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी यांच्या जीवनातून

निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची गर्दी होते. मुलाचे गुणपत्रक हातात धरून एखादे वडील हळूच विचारतात, "सर, कुठे वशिला आहे का?" हा प्रश्न विचारणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. नोकरीच्या दारात उभे राहताना आपल्या मुलांना जे अनुभव येतात, ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु वशिला माणसाला कोठवर नेतो आणि त्यापुढे त्याच्या उपयोगी काय पडते, याचा विचार आपण क्वचितच करतो. याचे उत्तर एका थोर पुरुषाच्या जीवनात सापडते. ते म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी.

बदरुद्दीन यांचा जन्म 1844 साली मुंबईत झाला. त्यांचे वडील तय्यब अली हे खंबायतच्या सुलेमानी बोहरा घराण्यातील व्यापारी. इंग्रजी शिक्षणाकडे समाज संशयाने पाहत असताना त्यांनी मुलांना शिक्षणासाठी युरोपात पाठविले. थोरले बंधू कमरुद्दीन हे इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झालेले पहिले हिंदी गृहस्थ. बदरुद्दीन आधी मदरशात व मग एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि 1860 साली इंग्लंडला गेले. लंडनची मॅट्रिक होऊन त्यांनी कायद्याच्या अभ्यासासाठी मिडल टेंपलमध्ये प्रवेश घेतला. पण डोळ्यांनी दगा दिला. 1864 साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना घरी परतावे लागले. आज एक वर्ष वाया गेले की शिक्षणाला रामराम ठोकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रकृती सुधारताच बदरुद्दीन पुन्हा इंग्लंडला गेले व 1867 साली बॅरिस्टर होऊनच परत आले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत.

त्या काळी बॅरिस्टरकडे पक्षकार थेट जात नसे. सॉलिसिटरने खटल्याचे कागद दिले, तरच त्याला काम मिळे. सॉलिसिटर व बॅरिस्टर या दोन्ही वर्गांत इंग्रजांचाच भरणा होता. अशा ठिकाणी सावळ्या रंगाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाला कोण विचारणार? थोरले बंधू सॉलिसिटर होते, हा त्यांचा मोठा आधार होता, हे लपविण्याचे कारण नाही. म्हणजे वशिला त्यांनाही होता! पण भावाच्या नात्याने पहिले काम मिळते, दुसरे मिळत नाही. दुसऱ्या वेळी सॉलिसिटर एवढेच पाहतो की, या माणसाने कागद नीट वाचले होते काय, तो वेळेवर हजर होता काय आणि न्यायाधीशापुढे खरे तेच बोलला काय. या कसोटीला बदरुद्दीन वर्षानुवर्षे उतरले, म्हणूनच मुंबईच्या पहिल्या फळीतील वकिलांत त्यांची गणना होऊ लागली.

नाव झाल्यावर ते केवळ पैसा मिळवीत बसले नाहीत. 1873 साली ते मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनवर गेले. 1874 साली कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे यांसारख्या मंडळींबरोबर त्यांनी अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभी असलेली तिची इमारत 1893 सालची आहे. 1882 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली आणि 1887 साली मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. काँग्रेसचे ते पहिले मुसलमान अध्यक्ष.

या अध्यक्षपदावरून सर सय्यद अहमद खान यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे, असे सर सय्यद यांचे मत होते. 1888 साली दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. बदरुद्दीन यांनी आपले म्हणणे स्पष्ट मांडले, पण आदर सोडला नाही. वरिष्ठाशी किंवा सहकाऱ्याशी मत जुळले नाही म्हणजे एक तर मान तुकवायची, नाही तर भांडून उठायचे, असे आपण समजतो. अदब राखून आपले मत सांगणे हा तिसरा मार्ग आहे आणि तो शिकावा लागतो.

1895 साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्या न्यायासनावर बसणारे ते पहिले मुसलमान. त्यांच्या चारित्र्याची खरी परीक्षा दोनच वर्षांनी झाली. 1897 साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली व पुढे त्यांचा मृत्यू झाला. सरकार संतापले होते. 'केसरी'तील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांना जुलैमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स व न्या. रानडे यांनीही तो त्या वेळी दिला नाही. खटला सेशन्सकडे गेल्यावर ऑगस्टमध्ये पुन्हा अर्ज झाला, तो न्या. तय्यबजी यांच्यापुढे.

वाचकहो, त्या क्षणाचा विचार करा. न्यायमूर्तींची नेमणूक सरकारची आणि सरकारचा जामिनाला विरोध. टिळकांचे राजकारण व तय्यबजींचे राजकारण यांची जात वेगळी. 1893 सालच्या मुंबईतील हिंदू-मुस्लिम दंग्याच्या आठवणीही ताज्या होत्या. जामीन नाकारला असता तर कोणी नावे ठेवली नसती, कारण आधीच्या नकारांची ढाल तयारच होती. न्या. तय्यबजींनी यातले काहीही पाहिले नाही. आरोपी खटल्याच्या वेळी हजर राहील की नाही, हा मुख्य प्रश्न आहे, असे त्यांनी मानले आणि जामीन मंजूर केला. पुढे सप्टेंबरमध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे खटला चालून टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पण बचावाची तयारी करण्यासाठी जे दिवस बाहेर मिळाले, ते या एका निर्णयामुळे.

या निर्णयाने त्यांचे नुकसान झाले काय? मुळीच नाही. 1902 साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या हंगामी मुख्य न्यायाधीशपदाचे काम पाहिले. या न्यायालयात तो मान मिळालेले ते पहिले हिंदी न्यायमूर्ती. 1903 साली मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथे त्यांनी पडद्याच्या रूढीवर उघडपणे टीका केली. हा उपदेश आधी त्यांनी आपल्या घरात आचरला होता. आपल्या मुलींना त्यांनी शाळेत घातले होते. 1906 साली लंडन येथे त्यांचे निधन झाले.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांना दार उघडून देणारा कोणी भेटला, तर त्याचे उपकार जरूर माना. मात्र दाराच्या आत गेल्यावर मुलगा एकटाच असतो. तेथे तो वेळेवर येतो काय, सोपविलेले काम अमानत समजून करतो काय, साहेब समोर नसतानाही तसाच वागतो काय आणि समोरचा माणूस आपला की परका हे न पाहता न्यायाने वागतो काय, यावरच त्याचे पुढचे सारे ठरते. आपल्या वाट्याला संशय थोडा अधिक येतो, हे खरे आहे आणि ते अन्यायाचेही आहे. पण आपल्यातला एक मुलगा विश्वासाला पात्र ठरला, म्हणजे त्याच्या मागून येणाऱ्या दहा जणांची वाट सोपी होते. बदरुद्दीन यांच्या मागून कितीतरी हिंदी बॅरिस्टर त्याच न्यायालयात उभे राहिले.

विद्यार्थी मित्रहो, या सवयी नोकरी लागल्यावर अंगी येत नाहीत. उद्या सकाळी शाळेची घंटा होण्यापूर्वी वर्गात हजर राहणे आणि गृहपाठ स्वतःच्या हाताने करणे, येथूनच त्यांची सुरुवात करा.