बाकावरची माणसं

अवयवदानाची वाटचाल सांगताना किती किडन्या आणि किती हृदयं बसवली, याचे आकडे आधी येतात. मुंबईतल्या या कामाची गोष्ट मला अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकापासून सांगावीशी वाटते.

१९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली. फेब्रुवारी १९९५पासून महाराष्ट्रात तो लागू झाला. पण बाकावर बसलेल्या नातेवाइकांशी काय बोलायचं, हे कायद्यात लिहिलेलं नसतं. १९९७मध्ये सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. वत्सला त्रिवेदी यांनी मेंदूमृत दात्याची किडनी प्रत्यारोपित केली आणि मुंबईत सुरुवात झाली. २००० साली विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र उभं राहिलं. सगळे त्याला झेडटीसीसी म्हणतात. त्याचं कार्यालयही सायन रुग्णालयाच्याच आवारात आहे. दाता कुठे आहे, रक्तगट कोणता, प्रतीक्षायादीत नंबर कुणाचा, हे तिथून ठरू लागलं. ओळखीपाळखीला वाव राहू नये म्हणून ही सामाईक यादी फार मोलाची.

यादीच्या अलीकडे मात्र तो बाक आहेच. चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतात आणि माणूस गेल्याचं सांगतात. आत व्हेंटिलेटरवर छाती वर-खाली होत असते, हात गरम असतो. आई म्हणते, 'अहो, श्वास चाललाय की त्याचा!' अवयवदानाविषयी घरच्यांशी बोलणाऱ्या समन्वयकाला तिथे घाई करून चालत नाही. गावाकडून काका यायचे असतात, मोठ्या जावयाला विचारायचं असतं. होकार मिळाल्यावरही वाट पाहणं संपत नाही. अपघात असेल तर पोलिसांचे कागद, मग शवविच्छेदन. घरासमोर माणसं जमलेली असतात आणि देह अजून हाती आलेला नसतो. दान एका सहीचं नव्हे, या साऱ्या तासांचं असतं.

३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने एका तरुणाला बसवलं. केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८मध्ये केलेल्या प्रयत्नानंतर तब्बल ४७ वर्षांनी मुंबईत हृदय प्रत्यारोपण होत होतं. अवयव नेणाऱ्या रुग्णवाहिकेसाठी मोकळा ठेवलेला रस्ता, म्हणजे ग्रीन कॉरिडॉर, हा शब्द घरोघरी पोचला. रुग्णवाहिकेचं कौतुक व्हायलाच हवं होतं. पण त्याच वेळी पुण्यात एक घर सुतकात होतं, हे बातम्यांच्या गर्दीत मागे राहिलं. २०२३पासून भारतीय अवयवदान दिनही ३ ऑगस्टलाच पाळतात. १९९४मध्ये त्या दिवशी दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण झालं होतं. दिवस शस्त्रक्रियेचा आहे. देणारा कोण होता, हे किती जणांना माहीत असेल?

म्हणून दात्यांच्या कुटुंबीयांना बोलावून होणारे स्मरणाचे कार्यक्रम मला या वाटचालीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतात. त्यांना 'सत्कार' म्हणू नये, असं माझं मत आहे. शाल-श्रीफळ द्यावं, पण ही माणसं काही जिंकून आलेली नाहीत. त्यांच्या माणसाचं पूर्ण नाव, नीट, घाई न करता उच्चारलं जावं. तामिळनाडूने २०२३मध्ये अवयवदात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याचं ठरवलं. त्यामागची भावना मला हीच वाटते.

दाता आणि अवयव मिळालेली व्यक्ती यांची नावं एकमेकांना सांगायची नाहीत, हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. उपकाराचं ओझं आणि अपेक्षा दोन्ही घरांना जड जातील. त्यामुळे अशा कार्यक्रमात समोर उभ्या राहिलेल्या, नवी किडनी मिळालेल्या अनोळखी माणसाकडे एखादी आई नुसती पाहत राहते. नंतर समन्वयकाला बाजूला घेऊन विचारते, 'माझ्या लेकाचं ज्यांना दिलं, ते बरे आहेत ना?'

नाव सांगता येत नाही. बरे आहेत, एवढं सांगता येतं.