आधी ऐकावं, मग थापटावं

सॉफ्टवेअर कंपन्यांत ज्याला ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात, त्या बैठकीच्या इतिहासाबद्दल आज बोलायचं आहे. चार-सहा जण बसतात, फळ्यावर नव्या कल्पना मांडतात. शब्द अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातला. ॲलेक्स ऑस्बॉर्न यांच्या १९५३ च्या 'अप्लाइड इमॅजिनेशन' या पुस्तकाने ही पद्धत जगभर पोचवली. मुख्य नियम असा, की कल्पना सुचत असताना तिचा निवाडा करायचा नाही, तो नंतर करायचा. आता 'नंतर' म्हणजे कधी, आणि कुणी करायचा? उत्तर शोधायला हिंगोली जिल्ह्यापासून सुरुवात करता येते.

नरसी नामदेव हे गाव याच जिल्ह्यातलं. नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. संतांचा मेळा जमला होता. यातली मडकी कच्ची कोणती, पक्की कोणती, असं मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारलं. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे शांत राहिले, नामदेव चिडले, आणि कच्चं मडकं ठरले. पुढे औंढा नागनाथला त्यांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले, असं परंपरा सांगते. ही आख्यायिका आहे. पुरावा म्हणून मी ती मांडत नाही. पण तिच्यातला विचार पाहा. ज्याच्या भक्तीबद्दल कुणाला शंका नव्हती, त्यालाही तपासलं गेलं. आणि तो कच्चा निघाला म्हणून कायमचा बाहेर पडला नाही. तो शिकायला गेला.

आता त्याच औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. तिच्यामागची कल्पना कशी वाढली? १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रायनर वाइस सापेक्षतावाद शिकवत होते. प्रकाशाने अंतर मोजून या लहरी पकडता येतील का, हे त्यांनी वर्गात एक अभ्यासप्रश्न म्हणून मांडलं. सोव्हिएत संघात गेर्टसेनश्टाइन आणि पुस्तोव्हॉइट यांनी १९६२ मध्येच तशी कल्पना सुचवली होती. मग वाइस यांचं वेगळेपण कशात? १९७२ च्या अहवालात त्यांनी आपल्याच कल्पनेवर थापटणं चालवलं. जमिनीची थरथर, उष्णता, लेझरची चंचलता, असे यंत्राला फसवणारे गोंगाट एकेक करून मोजले.

गोंगाटातून लहर ओळखायची कशी, हा पुढचा प्रश्न सॉफ्टवेअरचा. पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये त्यावर महत्त्वाचं काम प्रसिद्ध केलं. दोन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येताना लहरीचा आकार कसा असेल, याचे नमुने आधीच गणिताने तयार ठेवायचे आणि आलेली माहिती त्यांच्याशी ताडून पाहायची. नमुने किती घ्यायचे, किती अंतराने? फार घेतले तर संगणक पुरत नाही. कमी घेतले तर लहर निसटते. त्या वेळी एकही लहर सापडलेली नव्हती.

आणि तपासणी? १६ सप्टेंबर २०१० ला यंत्रात स्पष्ट संकेत दिसला. शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने काम केलं, शोधनिबंधाचा मसुदाही तयार केला. १४ मार्च २०११ ला कॅलिफोर्नियात, सगळ्यांसमोर पाकीट उघडलं. संकेत खोटा होता! त्यांच्यातल्याच मोजक्या जणांनी तो गुपचूप यंत्रात घातला होता. असं होऊ शकतं हे सर्वांना ठाऊक होतं, कधी होईल ते नव्हतं. हे गोरोबाकाकांचं थापटणंच नव्हे का? त्यामुळे १४ सप्टेंबर २०१५ ला खरी लहर आली, तेव्हाही पहिली शंका आली ती हा मुद्दाम घातलेला संकेत तर नाही ना, हीच.

आपल्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता फक्त दुसऱ्याचं मोडते ती वितंडा. बैठकीत वरिष्ठ आधी बोलले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या, तर तिथे वादच होत नाही. आणि नवख्याने तोंड उघडताच थापटणं बसलं, तर ती वितंडा. मडकं भट्टीत जाण्याआधी ते चाकावर घडावं लागतं, हे कुंभाराला सांगावं लागत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या वेधशाळेसाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा इथे उभ्या राहतील. शांत जमीन म्हणून ही जागा निवडली गेली. पण हिंगोलीने जगाला फक्त शांतता द्यायची का? वेधशाळेच्या बैठकीत वसमत, सेनगाव, कळमनुरीची मुलगी बसायची असेल, तर तिला आजच्या शाळेत दोन गोष्टी मिळायला हव्यात: चुकीचा वाटणारा प्रश्न विचारायची मुभा, आणि स्वतःचं उत्तर स्वतः तपासायची सवय. इमारतीसाठी निधी मंजूर झाला आहे. या दोन गोष्टींना मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही. त्या उद्या सकाळच्या पहिल्या तासाला सुरू करता येतात.