इंदापूरची फसलेली मोजणी

नातेपुत्याहून उत्तरेस नीरा ओलांडली की इंदापूर तालुका लागतो. जमिनीच्या सरकारी मोजणीचे काम इथे एकदा फसले आणि इथेच सावरले.

१८२८ च्या सुमारास प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे काम हाती घेतले. हिशोब नामी होता : प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, खर्च वजा करायचा आणि उरेल त्यातले शेकडा ५५ सरकारचे. पण साहेब एक, गावे शेकडो. माहिती सांगणार गावकामगार, लिहिणार कारकून. ज्याने कारकुनाचे हात ओले केले त्याची काळी कागदावर बरड झाली; गरिबाची बरड काळी ठरली. १८३० पासून हा आकार लागू झाला. त्यातच धान्याचे भाव उतरलेले. वसुलीपायी छळ झाला, कित्येक कुळे गाव सोडून गेली.

१८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट आले. त्यांना दिसले, की क्षेत्राची मोजणी बरीचशी ठीक आहे; बिघडली आहे ती प्रतवारी. त्यांनी मातीचा रंग आणि खोली पाहून नऊ प्रती ठरवल्या. कारकुनाने लावलेली प्रत वरिष्ठ स्वतः बांधावर जाऊन तपासू लागले. आकार हलका केला आणि तो तीस वर्षे न वाढवण्याची हमी दिली. पडीक राने पुन्हा नांगराखाली आली.

शिक्षकबंधूंनो, खानेसुमारीला आपणही दारोदार जातो. सांगणाऱ्याला भीती नसावी, लिहिणाऱ्याला लोभ नसावा आणि तपासणाऱ्याने पायी हिंडावे; तरच कागद खरा होतो.