राजाची सही

१७ जानेवारी १७७२ची पहाट. कोपनहेगनच्या ख्रिश्चन्सबोर्ग राजवाड्यात रात्री मुखवट्यांचा नाच झाला होता. पाहुणे पांगले, दिवे विझले, आणि मग काही माणसं राजाच्या शयनगृहात शिरली. त्यांत राजाची सावत्र आई होती, सावत्र भाऊ होता, सोबत लष्करी अधिकारी होते. राजा सातवा ख्रिश्चन, वय बावीस, दचकून उठला. त्याला सांगितलं गेलं की राणी आणि तिचा डॉक्टर मिळून तुमच्याविरुद्ध कट करतायत. कागद तयार आहेत, तुम्ही फक्त सही करा. त्याने केली. उजाडायच्या आत डॉक्टर बेड्यांत होता आणि राणीची रवानगी क्रोनबोर्गच्या किल्ल्यात झाली होती.

हा डॉक्टर म्हणजे योहान फ्रीडरिश स्ट्रुएन्झे. २०१२ साली आलेला 'अ रॉयल अफेअर' हा डॅनिश सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना तो मॅड्स मिकेलसनच्या चेहऱ्याने आठवेल. सिनेमा छान आहे, पण त्याचा जीव प्रेमकथेत अडकलाय. मला यातली खरी गोष्ट त्या सहीची वाटते. त्याआधीची जवळपास दीड वर्षं त्याच राजाच्या त्याच अधिकारावर स्ट्रुएन्झेने युरोपातलं एक अख्खं राज्य बदलायला काढलं होतं.

आधी ही सही एवढी जड कशी झाली ते बघू. १६६०मध्ये, स्वीडनशी झालेल्या युद्धांनी कंगाल झालेल्या डेन्मार्कमध्ये सरदार कर भरायला तयार नव्हते. त्यांना वैतागून शहरातले व्यापारी आणि धर्मगुरू राजाच्या बाजूला गेले आणि त्यांनी गादी वंशपरंपरागत करून टाकली. पाच वर्षांनी 'कोंगेलोव्ह', म्हणजे राजाचा कायदा, लिहिला गेला. युरोपात मनमानी करणारे राजे पुष्कळ होते, पण आपली मनमानी अशी कलमवार लिहून काढणारं राज्य डेन्मार्कच. राजा सगळ्या मानवी कायद्यांच्या वर, त्याच्यावर फक्त देव. त्याला बंधनं मोजकीच: लुथरचा पंथ सोडायचा नाही, राज्याचे तुकडे करायचे नाहीत, आणि हा कायदा बदलायचा नाही. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर सगळ्या सिस्टीमला एकच अ‍ॅडमिन अकाउंट, आणि ते वारसाहक्काने मिळणार.

१७६६मध्ये हे अकाउंट सोळा वर्षांच्या, मनाने आजारी मुलाच्या हाती आलं. ख्रिश्चनला भास होत, तो स्वतःला इजा करून घेई, कधी रस्त्यावर दंगा करी. लहानपणी त्याच्या शिक्षकाने त्याला बेदम मारलं होतं. त्याच वर्षी इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची बहीण, पंधरा वर्षांची कॅरोलाइन मटिल्डा, त्याच्याशी लग्न होऊन आली. दोन वर्षांनी राजा युरोपच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा सोबत डॉक्टर हवा म्हणून आल्टोना शहरातून स्ट्रुएन्झेला घेतलं गेलं. तो तीस वर्षांचा होता. जन्म जर्मनीतल्या हालेचा, बाप कडवा धर्मोपदेशक. (याच हालेत घडलेले मिशनरी डॅनिश राजाने १७०६मध्ये आपल्याकडे तरंगमबाडीला धाडले होते. तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखाला लागूनच ती डॅनिश वसाहत होती.) मुलगा मात्र हेल्वेशियस आणि रूसो वाचणारा निघाला. त्याने गरिबांच्या आजारांत उपासमार, घाण आणि वेठ बघितली होती. राजा त्याच्याजवळ शांत व्हायचा. १७७०मध्ये त्याने छोट्या युवराजाला देवीची टोचणी यशस्वीपणे करून दाखवली, तेव्हापासून राणीचाही त्याच्यावर विश्वास बसला. पुढे काय झालं ते सिनेमात आहे.

त्या काळच्या प्रबोधनवाद्यांना लोकशाहीची घाई होती असा आपला समज असतो. तशी ती फारशी नव्हती. व्होल्तेर प्रशियाच्या फ्रेडरिकच्या दरबारात राहिला, दिदरो थेट सेंट पीटर्सबर्गला कॅथरीनकडे गेला. हिशेब सोपा होता: लाखो माणसांना शहाणं करत बसण्यापेक्षा एका राजाला पटवणं स्वस्त. अडचण एवढीच की राजे ऐकून घेत, जेवायला घालत, आणि स्वतःला हवं तेच करत. स्ट्रुएन्झेच्या वाट्याला मात्र असा राजा आला जो समोर ठेवलेल्या कागदावर सही करायचा.

सप्टेंबर १७७०मध्ये त्याने पहिला मोठा हुकूम काढून घेतला: छपाईवरची सेन्सॉरशिप पूर्ण बंद. शेजारच्या स्वीडनने चार वर्षांपूर्वी छपाईस्वातंत्र्याचा कायदा केला होता, पण तिथे धर्मविषयक लेखनाची आधी तपासणी व्हायचीच. डेन्मार्कने तीही ठेवली नाही. व्होल्तेरने खूश होऊन डॅनिश राजाला उद्देशून पद्यात पत्र लिहिलं. ज्या राजाची त्याने तारीफ केली त्याची त्या हुकुमात सहीपलीकडे काय भूमिका होती, हे फर्नेमधून दिसणं शक्य नव्हतं.

मग सुरू झाला हुकमांचा धबधबा. जुनं राजमंडळ बरखास्त. कबुलीसाठी छळ करायला बंदी. चोरीसाठीची फाशी रद्द. जास्तीच्या धार्मिक सुट्ट्या रद्द (हे लोकांना अजिबात आवडलं नाही, आणि का ते कुठल्याही नोकरदाराला कळेल). अनौरस मुलांवरचा कायद्याचा डाग पुसला. शेतकऱ्याने जमीनदाराकडे वर्षाला किती दिवस वेठ करायची याला मर्यादा. एका वर्षाच्या आत असे हजाराहून अधिक हुकूम निघाले, म्हणजे दिवसाला तीनपेक्षा जास्त. जुलै १७७१मध्ये तर राजाने असा अधिकार देऊन टाकला की यापुढे स्ट्रुएन्झेच्या सहीचे हुकूम राजाच्या सहीइतकेच पक्के मानावेत.

यातले बहुतेक हुकूम आजही कोणी वाचले तर माणूस म्हणेल, बरोबरच आहे की. मीही म्हणतो. पण ते निघत होते जर्मनमध्ये. स्ट्रुएन्झेला डॅनिश येत नव्हतं आणि शिकायची त्याने तसदीही घेतली नाही. कुणाशी चर्चा नाही, ज्यांच्यावर अंमल करायचा त्या अधिकाऱ्यांना पूर्वसूचना नाही, ज्यांच्यासाठी करायचं त्या शेतकऱ्यांना पत्ता नाही. शिवाय, डॅनिश शेतकऱ्याची सगळ्यात मोठी बेडी होती 'स्टाव्हन्सबोन्ड': ज्या जहागिरीत जन्मलास ती ऐन उमेदीच्या वर्षांत सोडून जायचं नाही. एवढ्या हुकमांत ती तशीच राहिली.

आणि मोकळ्या झालेल्या छापखान्यांतून काय आलं? सुरुवातीला कामाचंही आलं. याकोब क्रिश्चन बी नावाच्या लेखकाने 'फिलोपात्रेयास', म्हणजे देशप्रेमी, या टोपणनावाने महागाई, कोर्टकचेरी आणि धर्मगुरूंची कमाई यांवर पुस्तिका काढली, आणि तिला उत्तर देणाऱ्या, त्या उत्तरांना उत्तरं देणाऱ्या पुस्तिका निघाल्या. सामान्य माणूस राज्यकारभारावर छापून भांडतोय हे तिथे नवंच होतं. पण लवकरच सगळ्यात चांगला खपणारा विषय सापडला: डॉक्टर आणि राणी. जुलै १७७१मध्ये राणीला मुलगी झाली तेव्हा बाप कोण यावर शहराने कधीच निकाल दिलेला होता. अश्लील कवनं, चित्रं, धमक्या. ज्याने बोलायची मोकळीक दिली, त्याच्यावरच ती आधी वापरली गेली. लुक्सडोर्फ नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याने ही सगळी चोपडी, चांगली-वाईट न निवडता, गोळा करून बांधून ठेवली, म्हणून आज ती वाचायला मिळतात. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात आवडलेला माणूस तोच.

ऑक्टोबर १७७१मध्ये नवा हुकूम आला: छापील मजकुरावर लेखकाचं किंवा छापणाऱ्याचं नाव हवं, आणि बदनामी व राजद्रोहाचे जुने कायदे लागू आहेत. म्हणजे स्वातंत्र्य देणाऱ्या माणसानेच वर्षाभरात त्याला लगाम घातला. आपण इथे पटकन 'ढोंगी' म्हणून मोकळे होऊ शकतो. पण तो हुकूम वाचून रस्त्यावर कोणी आलं नाही, कारण ते स्वातंत्र्य कोणी मागून किंवा लढून घेतलं नव्हतं. एका कागदाने आलं, दुसऱ्याने आखडलं. स्वीडनचा कायदा संसदेने केला होता, तोही फार टिकला नाही हे खरं; पण तो मोडायला तिथल्या राजाला आधी बंड करून संसदेचीच ताकद काढून घ्यावी लागली. डेन्मार्कमध्ये तेवढीही मेहनत पडली नाही.

त्या हिवाळ्यात पगार थकलेले खलाशी, बरखास्त झालेले राजरक्षक, पदं गेलेले सरदार असे सगळेच स्ट्रुएन्झेच्या विरोधात एक झाले. त्यानंतरची पहाट वर आलीच आहे.

खटल्यात राणीशी संबंध हा आरोप होताच, आणि तुरुंगात त्याने तो कबूलही केला. पण मला जास्त विचित्र वाटतो तो दुसरा आरोप: राजाची सत्ता बळकावून त्याने कोंगेलोव्ह मोडला. स्वतःची सत्ता दुसऱ्याला द्यायची सत्ता राजाकडे नव्हती, असं त्या कायद्यावरून निघत होतं. म्हणजे जुलैची राजाची सही बेकायदा, आणि जानेवारीत झोपेतून उठवून घेतलेली सही कायदेशीर. २८ एप्रिल १७७२ला शहराबाहेरच्या माळावर हजारोंच्या गर्दीसमोर आधी स्ट्रुएन्झेचा उजवा हात तोडला, मग डोकं उडवलं. उजवा हात तोडणं ही राजद्रोहाची कायद्यातलीच शिक्षा होती. सही त्याच हाताने व्हायची. त्याचा मित्र ब्रांट यालाही हीच शिक्षा झाली. राजाशी झालेल्या झटापटीत तो राजाच्या बोटाला चावला होता. कॅरोलाइन मटिल्डाचा घटस्फोट झाला. जर्मनीतल्या सेले गावी ती १७७५मध्ये वारली, तेवीस वर्षांची.

नव्या मंडळींनी, म्हणजे सावत्र आई युलियाना मारिया आणि तिचा विश्वासू गुल्डबर्ग यांनी, वेठीवरची मर्यादा उठवली, १७७३मध्ये छपाईचा गळा आवळला, आणि १७७६मध्ये सरकारी पदं फक्त राज्यात जन्मलेल्यांनाच असा कायदा केला. पुन्हा कोणी परका डॉक्टर नको. ही सारी फर्मानं अर्थातच राजाच्या नावाने निघाली.

ज्याला देवीची टोचणी झाली होती तो युवराज फ्रेडरिक दरम्यान मोठा होत होता. स्ट्रुएन्झेने त्याला रूसोच्या मताप्रमाणे थंडीत, अनवाणी, साध्या जेवणावर वाढवायला सुरुवात केली होती. १४ एप्रिल १७८४ला, सोळा वर्षांचा असताना, तो पहिल्यांदा मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसला. त्याने खिशातून कागद काढला, वाचला आणि बापापुढे ठेवला. गुल्डबर्गचं मंत्रिमंडळ बरखास्त; यापुढे युवराजाची सही सोबत असल्याशिवाय राजाचा कोणताही हुकूम चालणार नाही. ख्रिश्चनने सही केली.

या वेळी काम सावकाश झालं. १७८६मध्ये शेतीसाठी मोठा आयोग नेमला गेला, त्यात जमीनदारांच्या बाजूचेही बसले, भांडले, कागदावर कागद झाले. १७८८च्या जूनमध्ये स्टाव्हन्सबोन्ड रद्द करणारा हुकूम निघाला. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये बास्तीय पडलं, कोपनहेगनच्या लोकांनी त्याच्या बातम्या चवीने वाचल्या, आणि डॅनिश राजाची अनियंत्रित सत्ता कागदोपत्री १८४८पर्यंत जशीच्या तशी राहिली. सातवा ख्रिश्चन मार्च १८०८मध्ये वारला. बेचाळीस वर्षं राजा होता तो, आणि युवराजाच्या सहीबरोबर का होईना, शेवटपर्यंत हुकमांवर नाव त्याचंच होतं.