जुन्या धुराची उधारी

धूर दिसेनासा होतो, संपत मात्र नाही. कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग शतकानुशतकं हवेत राहतो. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्यांनी सोडलेल्या वायूचा अंश आजही आपल्या डोक्यावर आहे. मग हिशेब यंदाच्या धुराचा मांडायचा, की खातं उघडलं तेव्हापासूनचा?

१९९२ साली रिओ दि जानेरोच्या वसुंधरा परिषदेत सूत्र ठरलं : जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे. आदल्याच वर्षी दिल्लीहून अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एका पुस्तिकेत विचारलं होतं, की भातखाचरातला पोटापाण्याचा वायू आणि मोटारींचा चैनीचा धूर एकाच तराजूत कसे तोलता? सूत्र ठरलं, वाटे मात्र पडले नाहीत.

मे १९९७ मध्ये ब्राझीलने ते पाडून दाखवले. औद्योगिक देशांपैकी ज्याने पृथ्वीचं तापमान जितकं वाढवलं, तितका कपातीचा बोजा त्याने उचलावा. हिशेब थेट १८४० पासूनचा! मर्यादा ओलांडणाऱ्याला दंड, आणि त्या पैशातून गरीब देशांत स्वच्छ ऊर्जेची कामं. आम्हा मुसलमानांत मयताचं कर्ज फेडल्याशिवाय वारसांचे हिस्से पडत नाहीत. मला तरी या प्रस्तावात जगावेगळं काही दिसत नाही.

जुलैत अमेरिकन सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी बजावलं, की विकसनशील देशांवर त्याच मुदतीत बंधनं नसतील, तर अमेरिकेने सही करू नये. डिसेंबरात क्योटोला करार झाला. आधारवर्ष धरलं १९९०. २००८ ते २०१२ या काळात औद्योगिक देशांनी सरासरी ५.२ टक्के कपात करायची. युरोपने ८, अमेरिकेने ७, जपानने ६. हे आकडे घासाघीस करून ठरले. १८४० चं खातं तज्ज्ञांकडे अभ्यासाला धाडलं गेलं.

आणि दंड? त्याची झाली खरेदी-विक्री. गरीब देशातल्या प्रकल्पाने वाचवलेला कार्बन श्रीमंत देशाने विकत घ्यायचा नि आपल्या खात्यावर मांडायचा. आपल्या धुळ्याकडच्या पवनचक्क्याही पुढे या बाजारात उतरल्या. शिक्षा म्हणून सुचवलेली गोष्ट सवलत होऊन बाहेर आली.

गंमत अशी, की युरोपने घरातल्या घरात वाटणी नीट केली. १९९८ साली जर्मनीने २१ टक्के कपात पत्करली, तर गरीब पोर्तुगालला २७ टक्के वाढीची मुभा दिली. भावकीत चाललं, ते गावात चालेना.

२००१ मध्ये अमेरिकेने क्योटोतून अंग काढलं. रशियाच्या मान्यतेमुळे फेब्रुवारी २००५ मध्ये करार कसाबसा लागू झाला. २०१५ साली पॅरिसला ठरलं, की प्रत्येकाने आपला वाटा आपणच ठरवावा. हवामानबदलाने होणाऱ्या हानीचं कलम कुणाच्या दायित्वाला वा भरपाईला आधार ठरणार नाही, असंही तिथे लिहून घेतलं गेलं. हानी सोसणाऱ्या देशांसाठी २०२२ मध्ये इजिप्तमध्ये निधी मंजूर झाला, २०२३ मध्ये दुबईत तो उभा राहिला. त्यात कुणी किती घालायचे, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं आहे.